बेवारसांसाठी अर्ज

आमच्या संस्थेतल्या रशीदभाईंनी आमदाराला कसं कामाला लावलं, ते ऐकाच. आमची संस्था बेवारस मृतदेहांचे अंत्यसंस्कार करते. अशा संस्थांच्या शववाहिकांना कर माफ व्हावा, हे विधानसभेत मांडा म्हणून आम्ही दोघं आमदारांकडं गेलो होतो.

आमदारांनी विचारलं, "ही माणसं आपल्या मतदारसंघातली असतात का? यादीत नावं बघितली?"

रशीदभाई म्हणाले, "साहेब, नाव माहीत असतं तर घरीच नसतं का पोचवलं?"

आमदारांनी विचारलं, "मग पुरल्यावर पाटीवर काय लिहिता?"

रशीदभाई म्हणाले, "सापडले ती जागा. परवाच्या म्हातारबाच्या पाटीवर तुमच्या बंगल्यासमोरचा चौक लिहिलाय."

"आमच्या चौकात? आणि मला पत्ता नाय?" आमदार उभेच राहिले.

पुढच्या अधिवेशनात आमचा प्रश्न त्यांनीच विचारला.