खिंडीत दिलेली ओ

ऐका. आणि हुंकार देत राहा, नाहीतर मी उठतो.

माझा आतेभाऊ आणि मी दिवस मावळल्यावर निघालो. सकाळी त्याच्या बहिणीच्या पोरीचं बारसं. मी म्हटलं, सडकेनं जाऊ. तर म्हणतो, "केऱ्या, जसं नाव तशी अक्कल! केरातला तू!" आणि वळला खिंडीला.

आता मी केरू का? माझ्या आधीची तिघं पाळण्यात गेली. म्हणून आयनं मला उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीनं उचललं. तिला मूठभर कोंडा देऊन आयनं परत घेतलं, आणि नाव ठेवलं केरू. घाणेरड्या नावाकडं मरण फिरकत नाही. हसू नका! तोही असाच हसायचा.

त्या खिंडीत कुणी कुणाचं नाव घेत नाही. तिथल्या बाईला नाव कळलं आणि तिच्या हाकेला ओ दिली, की माणूस तिचा.

आधी नुसत्या बांगड्या वाजल्या. मग मागं पावलं. आम्ही थांबलो की तीही थांबायची. मग वाटच फिरली हो! तीच बाभळ, पुन्हा तीच बाभळ. आणि तिसऱ्या खेपेला बाभळीखाली बाई. पाय बघितले मी. टाचा पुढं!

तिनं त्याचा हात धरला. "नाव सांग."

काय म्हणाला असेल? "केरू! बिरोबाची आण, मी केरू!"

देवाला खोट्यात ओढलं त्यानं. बाईनं हाक मारली, "केरू!" आणि सवयीनं माझ्याच तोंडून ओ गेली.

त्याचा हात सुटला. माझा धरला गेला. बर्फच! तो पळाला. वळूनसुद्धा बघितलं नाही.

"कुणाचा तू?"

"उकिरड्याचा!" मी ओरडलो. "टाकलेला! कोंड्यावर घेतलेला!"

तिनं माझा हात हुंगला. झटकला. "टाकलेलं मी उचलत नाही." आणि थुंकली.

धडपडत, रांगत उजाडता पोचलो. हा पाळण्याशेजारी घुगऱ्या खात बसलेला. आत्या म्हणाली, "अरे, तू अर्ध्यातून माघारी गेलास म्हणाला हा!"

त्यानं मूठ पुढं केली. "घ्या की केरबा."

केरबा! जन्मात पहिल्यांदा.

नाही घेतल्या. हात धुतले आणि चालू लागलो.

त्या खिंडीनं जाऊ नका. जायचीच वेळ आली, तर एकट्यानं जा.