नवरदेव चुकला

तुम्हाला सांगतो, यंदाच्या रंगपंचमीला मी पंधरा फुटांचा नवरदेव होतो. आमच्या परदेशीपुऱ्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, बांबूचे नवरा-नवरी नाचवतात. नवऱ्याच्या आत मी, नवरीच्या आत माझा मेहुणा मुकुंद. आतून फक्त लोकांचे पाय दिसतात. पुतळे बनवणाऱ्या बाळूकाकांनी बजावलं होतं, "आपला ढोल सोडू नकोस, नाहीतर हरवशील."

राजवाड्याजवळ रणरणत्या उन्हात ही गर्दी. समोर ढोल असा कडाडला की मी बेभान नाचत त्याच्याकडे वळलो. बराच नाचलो, तर कुणीतरी बांबूवर टकटक केलं.

"भिया, किसके दूल्हे हो? ये तो हमारी गेर है."

मी नवरदेवाच्या झग्याची फट फाकवून बाहेर डोकावलो. अख्खा नवरदेव मागे फिरवला, तर समोर आमचीच नवरी.

"मुकुंदा, तू इथे कसा?"

"भाऊजी, मला फक्त तुमचे बूट दिसत होते."

"अरे, पण आपला ढोल?"

नवरीमागून आमचा ढोलवाला डोकावला. "तुम मुड़े भिया, तो हमको लगा रूट बदल गया."

त्याच्यामागे आमची अख्खी गेर उभी होती. आणि सगळ्यात मागे, रंगाच्या टँकरवर, बाळूकाका नाचत होते.