भाताच्या लोंब्यांचा गुच्छ

तुमच्या त्या शहरी गुच्छांचं कौतुक मला सांगूच नका, आमच्या सुमीच्या लग्नातला गुच्छ बघायला हवा होता.

सुमी माझी धाकटी बहीण. लग्न भोरला, पण हट्ट पुण्याच्या नवऱ्यामुलींसारखा: हातात गुच्छ पाहिजे. पुण्याहून मागवलेले गुलाब एसटीच्या गर्दीत पार चेंगरून आले आणि बाई रडायला बसल्या. तेव्हा वेल्ह्याच्या आत्यानं तोरणासाठी आणलेल्या नव्या भाताच्या लोंब्या घेतल्या, मधे झेंडू खोचले, जरीच्या फितीनं बांधलं. "धर. असा पुण्यात तरी मिळंल का?"

खरंच देखणा झाला होता. अक्षता पडल्या. वरातीआधी फोटोवाल्यानं सुमीला नवरदेवाच्या घोड्याशेजारी उभं केलं. घोड्यानं मान वळवली आणि अर्ध्या लोंब्या ओरबाडल्या. सुमी किंचाळत मांडवाकडं पळाली. उरलेल्या लोंब्यांसाठी घोडा तिच्या मागं, आणि त्याच्यावर आमचे दाजी, एका हातात लगाम, दुसऱ्यानं फेटा सावरत. बँडवाले वाजवायचं विसरले.

सुमी आत्याला बिलगून रडायला लागली, "आत्या, चारचौघांत हसं झालं गं माझं!"

"हसं कशाचं? आमी म्हातारे झालो, तरी आमचा नवरा कदी मागं आला न्हाई. तुझा पयल्याच दिवशी पळत आला!"