पहिलं वॅफल गाईचं

हसू नका बायांनो, माझं डोकं अजून तापलेलंच हाय. पोरीनं हट्ट धरला म्हणून वॅफलची मशीन मागवली. मैदा नको म्हणून ज्वारी, गहू, बाजरी गिरणीतून दळून आणली. सकाळी पहिली तीन मशीनला चिकटून तुटली. चौथं मात्र अख्खं, खरपूस निघालं. मी गूळ काढायला वळले, तर सासूबाई ते घेऊन गोठ्याकडं निघाल्या.

“आत्याबाई, काहून नेऊन राहिल्या?”

“पहिली भाकर गाईची असती.”

“हे चौथं हाय!”

“धड निघालेलं पहिलंच की!”

तेवढ्यात लाईट गेली. पोरगी शिळी भाकर चहात बुडवून, रडत शाळेत गेली. नवरा आंघोळ करून आला आन् इचारतो, “कसं झालं तुझं वॅफल?”

म्हणलं, “गाईला इचारा! आन् दुपारचा डबाबी तिच्याकडूनच घ्या!”