बारावं हॉटेल

हॅलो?… हॅलो… हां बारके, बोल… येतंय, येतंय ऐकू, तू ओरडू नकोस… अगं बाहेर उभी आहे मी, फुटपाथवर. आत रेंज धड नाही… आत म्हणजे हॉटेलात… हो, बाबांना घेऊन आलेय. त्यांनाच घेऊन, पार्सल नाही आज.

मी? जेवले की… हो, मघाशीच… अगं जेवले म्हणते ना! तू तुझं बोल.

…

काय सांगितलंस डॉक्टरांना?… थांब, थांब, परत सांग… 'हो' सांगितलंस?… मला न विचारता?… सोमवार सकाळची वेळपण घेऊन टाकलीस? वा गं वा! बाबांच्या नाकात नळी घालायची ठरते आणि मला ते कळतं टायरच्या दुकानासमोर उभं राहून!

नाही, चिडले नाहीये… बरं, चिडलेय. मग?

मला माहितीये नऊ किलो कमी झालेत. तू रिपोर्टात वाचतेस, मी रोज सकाळी त्यांची पँट आवळते. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत, त्यांच्याच कात्रीच्या टोकानं… तीच, कापड कापायची. बघत होते माझ्याकडं. त्या कात्रीला कागदसुद्धा लावू द्यायचे नाहीत कुणाला, आठवतंय ना? काही बोलले नाहीत… बोलणार कुठून म्हणा.

हो… हो… अगं ऐक ना… ऐक तर. डॉक्टरच म्हणाले ना, गिळण्यात काही दोष नाही? कपातलं सगळं पितात. दूध पितात, सूप पितात. ताटातलं तेवढं खात नाहीत… का ते सांगता आलं असतं त्यांना तर काय हवं होतं? दोन वर्षं झाली झटक्याला, एक शब्द नाही तोंडातून… तेच तर म्हणतेय मी. झटका आल्यावरही जेवत होते. आई गेली आणि थांबलं सगळं.

माझ्या हाताला चव नाही असं म्हणायचंय का तुला?… मग कसं म्हणायचंय?… असू दे, असू दे. सवय झालीय मला.

काय?… 'सारखं हॉटेलातलं का चारतेस?'… बारके, तुला एक सांगितलंच नाही मी. सांगणार नव्हते. तुला वाईट वाटेल म्हणून… तुला म्हणजे मलाच.

पंधरा दिवसांपूर्वी आईचं घर आवरायला गेले होते ना… हो, तेव्हाच. शेगडीखाली कोळ्याचं जाळं, बारके. असं जाडजूड. मिठाचा नुसता दगड झालेला. तेलाच्या बाटलीवर तारीख दोन वर्षांपूर्वीची, आणि सील तसंच… ऐक ना पुढं. ओट्याखालचा तो मोठा खण ओढला, तर येईचना बाहेर. दोन्ही हातांनी ओढला. आत काय असेल?… सॉसच्या पुड्या. शेकड्यानं. आणि हॉटेलांचे कागदी नॅपकिन, नावं छापलेले. एकेक घडी करून, एकावर एक, कपाटात साड्या लावाव्यात तसे.

दोन वर्षं आईनं चूल पेटवली नव्हती गं… तिची बोटं वळत नव्हती. आपल्याला वाटायचं, जरा दुखतात. दुपारी दोघं काठी टेकत बाहेर जेवून यायची, रात्री दूध पिऊन झोपायची. आणि आपण फोन केला की?… हो ना. 'केलंय गं सगळं, जेवलो दोघं.' आपण खूश! विचारलं, तिनं हो म्हटलं, झालं आपलं कर्तव्य. एवढ्या पाच मिनिटांवर राहत होते मी… नको, रडू नकोस. रडायला लागलीस तर मी फोन ठेवीन. मला साडेतीनला क्लिनिकात पोचायचंय, दात दुखणारी माणसं रांग लावून बसतात माझ्यासमोर.

तर म्हणून हॉटेलं. म्हटलं, त्यांच्या जिभेला तीच चव लागली असेल… तुझ्या त्या यादीतली पाच? ती आधीच पालथी घातली. चार पूर्णांक आठ स्टार म्हणे! तो इटालियनवाला, पेट्रोल पंपामागचा, त्याचा पिझ्झा इतका पातळ की बाबांनी कोटाला अस्तर म्हणून लावला असता… हसू नकोस, खरंच सांगते. मग नॅपकिनवरची घेतली. लाँड्रीवरच्या माडीतला चायनीज. ती थाईवाली बाई, बिचारी मला रोज विचारते, 'आजोबांनी खाल्लं का?' तिच्यासमोरून जायची लाज वाटते आता. मग तो लेबनीज, मग बसस्टॉपजवळचे ते ग्रिलवाले… अगं या उपनगरात एवढे देश आहेत हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. आणि आईला माहीत होते सगळे! कुठं सूप गरम देतात, कुठली खुर्ची टेकायला बरी… नॅपकिनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहून ठेवलंय. 'पायरी उंच आहे.' 'मुलगा चांगला आहे, हात देतो.' 'इथे पंखा डोक्यावर येतो, ह्यांना सोसत नाही.'… तुझे स्टार घाल चुलीत.

किती?… अकरा झाली. अकरा हॉटेलांचं पार्सल आणलं. आणि दर वेळी तेच… काय म्हणजे? वाढून देते ताटात. उजवा हात तर लुळाच, डाव्या हातात चमचा घेतात आणि त्याच्या कडेनं बरोब्बर मधोमध रेघ मारतात. भात असो, नूडल्स असोत. कापड बेतल्यासारखे दोन भाग. एक सूत इकडंतिकडं नाही. मग पलीकडच्या भागातल्या मिरच्या वेचायच्या, एक-एक, आणि अलीकडं आणून ठेवायच्या. दहा मिनिटं हाच खेळ. मग चमचा खाली ठेवून बसतात. माझ्याकडं बघत.

मी काय करणार? मला उशीर होत असतो. खांद्याला पर्स लावूनच उभी असते मी. म्हणते, 'नाही आवडलं? बरं, उद्या दुसरीकडचं आणू.' आणि ताट उचलते… परवा रागावले त्यांना. म्हटलं, 'लहान मुलासारखं खेळताय काय अन्नाशी?'… हो, म्हटलं मी तसं. बोलून गेले. खाली मान घातली त्यांनी.

हो ना, मलाही नवलच वाटलं! बाबा आणि मिरच्या काढणार? घरात तिखटजाळ खाणारे दोघंच, ते आणि मी. पैजा लावायचो आम्ही, नाकातोंडातून पाणी आलं तरी थांबायचो नाही. आणि तू आणि आई पाण्याचा जग घेऊन बसायचात समोर… मला वाटलं, म्हातारपणी बदलली असेल जीभ. पुढच्या हॉटेलात सांगितलं, मिरची अजिबात घालू नका. तरी नाही खाल्लं. उलट पलीकडच्या भागात चमच्यानं शोधत बसले. नसलेल्या मिरच्या शोधत होते, बारके.

आज ना?… आजचं बारावं. खणात सगळ्यात जास्त नॅपकिन याचेच होते, पण हे पार्सल देत नाहीत. बसायचं तर बसा म्हणतात. म्हणून राहिलं होतं शेवटी… तुझ्या यादीत कसं असेल? टायरच्या दुकानाला चिकटून पाच टेबलं, पाटीवरची अर्धी अक्षरं उडालेली. नूडल्स, भात, सूप, संपलं… अगं पण गंमत ऐक. टॅक्सीतून उतरवलं आणि माझा हात सोडवून घेतला त्यांनी. स्वतःचे स्वतः काठी टेकत गेले, थेट कोपऱ्यातल्या टेबलाशी. भिंतीकडची खुर्ची सोडली आणि अलीकडच्या खुर्चीवर बसले. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आज जेवणार.

प्लेट आली. मालकांनी दोन चमचे ठेवले. मी म्हटलं, एकच पुरे, आणि एक परत दिला. तेवढ्यात तुझा फोन… दिसतायत की, काचेतून दिसतायत… नाही. तेच. रेघ मारून झाली. मिरच्या वेचून झाल्या. बसलेत.

…

कळतंय गं. तुझं काही चुकत नाही. मीच हरले असं समज. सोमवारी नळी तर नळी. नाहीतर मरतील उपाशी माझ्याच घरात, आणि मी…

एक मिनिट. एक मिनिट हं बारके, मालक येतायत बाहेर… नाही, ठेवू नकोस.

हां मालक?… हो, मुलगी मी त्यांची. थोरली… चमचा? नको, मघाशीच दिला ना मी परत… कोण बाई?… आई होती ती माझी… नाही येणार. नाही हो, आजारी नाही. गेली. चार महिने झाले…

असू द्या. असू द्या मालक, तुम्हाला कसं कळणार… रोज यायचे?… बुधवारी आणि शनिवारी. बरं… एकच प्लेट?… आणि चमचे दोन…

काय म्हणालात?…

परत सांगा… 'आधी बाई'… आणि त्या हात धुवायला गेल्या तरी?… थांबायचे…

द्या. द्या तो चमचा. येते मी, तुम्ही व्हा आत.

…

बारके… आहेस ना?

अगं, अर्धा भाग आईचा होता.

पलीकडचा. तो आईचा होता. तिला तिखट सोसायचं नाही म्हणून तिच्यातल्या मिरच्या वेचून ते आपल्याकडं घ्यायचे. आणि आधी ती घास घ्यायची. तिनं घेतल्याशिवाय ते चमचा उचलायचे नाहीत. मालक म्हणतात, कधी ती हात धुवायला गेली तरी थांबायचे, गार झालं तरी थांबायचे…

मी अकरा ताटं उचलली गं त्यांच्यासमोरून. त्यांना तोंडानं बोलवता येत नाही, म्हणून अकरा वेळा ताटात अर्धं काढून मला बोलावलं, बस म्हणून… आणि मी पर्स लावून उभी. म्हणते, नाही आवडलं का…

नाही, विसरलेले नाहीत. आई गेली ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. हात त्यांच्याच हातात होता तिचा… मग काय? ठाऊक असलं म्हणून एकट्यानं जेवता येतं का माणसाला?

हो… हो, जाते. आत्ताच जाते… नाही, तू ठेवू नकोस, ऐक तू पण… आणि बारके, मी जेवले नव्हते. मघाशी खोटं सांगितलं. चार महिने दुपारचं कुठं जेवतेय मी? आई सांगायची तसंच सांगितलं तुला, आणि तू पण लगेच मान्य केलंस… असू दे गं. असू दे.

हां, आले आत. टेबलावर ठेवते फोन. तुटतोय आवाज?… बघू, येईल तेवढं येईल.

बाबा, काठी जरा इकडं घ्या… मी पलीकडं जाते… हो, तिकडंच, भिंतीकडच्या खुर्चीवर… बसले. बघा, पर्सही काढून ठेवली. आज नाही कुठं जायचं मला… हा माझा ना? हा भाग?… बरं.

घेते हं.

…

घेतला, बाबा.

…

बारके… उचलला. चमचा उचलला त्यांनी… सावकाश, बाबा, सावकाश, कुणी नेत नाही… खातायत गं… हो, चावून. मिरचीसकट. कपाळावर घाम आलाय, पण थांबत नाहीयेत… दुसरा… तिसरा…

नाही, मी कुठं रडतेय? तोंडात घास आहे माझ्या…

थांबले. नाही नाही, मी थांबले ना बोलायला, म्हणून थांबले… घेते बाबा, घेते. हा बघा.

डॉक्टरांना? हो, कर तू फोन. सोमवारचं तूर्त राहू दे म्हणावं… माहीत नाही. एवढी प्लेट संपू दे आधी. उद्याचं उद्या… माझ्या क्लिनिकचं मी बघेन, सोड ते.

चव?… कसली चव सांगू बारके तुला. अळणी लागतंय गं मला. माझ्या भागात एक मिरची ठेवली नाही त्यांनी. आत्तासुद्धा एक सापडली, लपलेली, ती पण काढून नेली माझ्यापुढून… हसले. आत्ता, जरासे, डाव्या बाजूनं.

नाही. नाही सांगणार त्यांना, की मला तिखट आवडतं. हा भाग माझा नाहीच आहे गं.

ठेवते. थांबलेत माझ्यासाठी.