सातला पुसायची पाटी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य माननीय महादेवराव, व्यासपीठावरील मान्यवर, अमरावती सोडून सोमवारी बंगळुरूला निघालेले सत्कारमूर्ती प्रणाली आणि प्रीतम, त्यांचे आईवडील, आणि अकोल्याहून, परतवाड्याहून वेळेवर आलेल्या व न आलेल्या श्रोतेहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. ती पुरतील.

आधीच्या तीन वक्त्यांनी सांगितलं की ‘पाटी’ हे ॲप या दोघांच्या प्रतिभेतून जन्मलं. प्रतिभेविषयी मला आदर आहे. परंतु ते माझ्या मेसच्या दारात जन्मलं. गृहविज्ञानाची पदवी घेऊन मी सव्वीस वर्षं मेस चालवते. दाराशी एक दगडी पाटी टांगलेली आहे. संध्याकाळी जेवायला येणार नसाल तर पाचच्या आत तिच्यावर नाव लिहायचं. सातला पंगत बसली की मी पाटी पुसते. नावांखाली मुलं इतरही लिहू लागली. कोणाची सायकल सापडत नाही, कोणाच्या बहिणीला मुलगी झाली, अकोल्याची कोणती गाडी बंद आहे. मी हरकत घेतली नाही. सातला सगळं जाणारच होतं.

एके दुपारी प्रीतमने लिहिलं, ‘प्रणालीचा प्रोजेक्ट माह्या वहीतून उतरवला.’ चाळीस जणांनी वाचलं. साडेपाचला प्रणाली स्वयंपाकघराच्या दारात उभी.

“काकू, मी आज जेवत नाई. मी मेसच सोडून राहिली.”

“पाच वाजून गेले. कणीक मळून झाली. उद्या सोड.”

नियम म्हणून तिला बसावं लागलं, आणि जागा उरली होती ती नेमकी त्याच्यासमोर. मी पाटी पुसली. प्रणाली म्हणाली, “काऊन रे प्रीत्या, लय लिहून राहिला होता न? दाखव आता, कुठी हाये?”

“काकूनं पुसलं. जाऊ दे न वं. चुकलं माह्यं.”

“मंग वांगे सरकव इकडे. एकटाच खाऊन राहिला.”

त्या वांग्यांवर ही कंपनी उभी आहे. वही कोणाची होती? मी विचारलं नाही.

पुढे दोघांनी फोनवर तशीच पाटी केली. दिवसभर लिहा, फोटो टाका, सातला सगळं पुसलं जाईल. पहिली चाळीस माणसं माझ्याच मेसची, कारण त्यांना दारापर्यंत जायचा कंटाळा होता. मग अकोल्याची दोन कॉलेजं, अंजनगाव सुर्जीचे पानमळेवाले, आणि आता चौदा लाख माणसं. एवढ्यांना मी जेवायला घातलेलं नाही.

आता बंगळुरूचे गुंतवणूकदार आले आहेत. त्यांची अट एकच: पुसणं बंद करा, सगळं कायमचं ठेवा. सोमवारी त्यावर सही व्हायची आहे. प्रणालीची इच्छा नाही. प्रीतम म्हणतो, “काकू, जग काई पुसत नाई.” बाळा, जगाला सातला पंगत वाढायची नसते. वहीबद्दलचं तुझं ते वाक्य मी पाटीवर तसंच ठेवलं असतं, तर आज हा हार तुझ्या एकट्याच्या गळ्यात असता. किंवा कोणाच्याच नाही.

प्रीतमने माझ्याकडे ती दगडी पाटी मागितली आहे. नव्या ऑफिसात काचेत लावायची म्हणतो. पाटी मिळणार नाही. आज अडतीस पानं आहेत आणि पाटी कामात आहे. त्याऐवजी पाटी पुसायचं हे फडकं आणलं आहे. धुतलेलं आहे. काचेत लावू नका. सही करताना कागदाशेजारी ठेवा, दोघांच्या मधोमध.

संयोजकांनी बोलावलं, आपण ऐकून घेतलं, मी आभारी आहे. सात वाजायला पंचवीस मिनिटं आहेत, मला निघायला हवं. समोरचे चार फोन माझं भाषण टिपत आहेत. टिपा. त्यात कोणाला काही लागलं असेल, तर सातला पुसून टाका.