गाडी जागेवरून हलवल्याबाबत

मी, बंद झालेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांची एकुलती एक मुलगी, वय ४४ वर्षे, धंदा रोपवाटिका, राहणार औषधाच्या दुकानावरचा पहिला मजला, आज दुपारी दोन वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे वडील, वय ७९, असे दोघेच राहतो. वडिलांनी चाळीस वर्षे लोकांना गाडी शिकवली. गेली दोन वर्षे त्यांना विसरायला होते. त्यांची शिकवणीची निळी गाडी घरासमोर रस्त्याच्या कडेला उभी असते. ती चालू होत नाही. वडील रोज नाश्ता करून खाली जातात व गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटवर तासभर बसतात.

आज एक दिवसासाठी आमच्या रस्त्यावरच्या गाड्या लावायच्या चार जागांवर बाग करायचे रहिवाशांनी ठरवले होते. नगरपालिकेची परवानगी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा अशी आहे. अर्ज माझ्या नावे होता. झाडेही माझीच. चारपैकी एक जागा आमच्या गाडीची. मी काल वडिलांना दोनदा सांगितले. ते "बरं" म्हणाले. आज सकाळी साडेसहाला मी व गॅरेजवाल्याने गाडी ढकलत मागच्या गल्लीत नेली व कुलूप लावले. वडील उठायच्या आत उरकावे, हा विचार माझाच.

साडेनऊला वडील खाली आले. तोवर हिरवळ अंथरून झाली होती, बाके मांडली होती, पंचवीस-तीस माणसे जमली होती. वडील कुंड्यांमधून इकडून तिकडे फिरू लागले. म्हणाले, "गाडी कुठंय?" मी म्हणाले, "मागे लावलीय, बाबा. बसा जरा." ते बसले, लगेच उठले. असे चार-पाच वेळा झाले. शेवटी मी म्हणाले, "एक दिवस नाही बसलात गाडीत, तर काय आभाळ कोसळणार आहे?" आवाज चढला होता का, असे विचारल्यावरून सांगते की, हो, चढला होता. माणसे बघत होती.

त्यानंतर मी झाडांना पाणी घालायला गेले. पावणेअकराला पाहिले तर वडील बाकावर नव्हते. घर, जिना, मागची गल्ली, बस थांबा, दवाखाना पाहिला. परत बागेत आले. परत गल्लीत गेले. साडेअकराला पोलीस बागेत आले. महिला शिपायांनी मोठ्याने विचारले, "निळ्या गाडीत मागे बसलेली आठ वर्षांची मुलगी, दोन वेण्या. कोणी पाहिली का?" त्यांनी सांगितलेला गाडीचा नंबर आमचा होता.

वडिलांनी ठाण्यात येऊन तक्रार दिली होती की, गाडी चोरीस गेली असून मागच्या सीटवर त्यांची मुलगी झोपली होती.

ती मुलगी म्हणजे मी. लहानपणी आई कामावर असे. शाळा सुटली की मी त्या गाडीत मागे असायचे व वडील पुढे शिकवायचे. वेण्या तेच घालायचे.

मी ठाण्यात आले तेव्हा वडील दारापासून टेबलापर्यंत येरझारा घालत होते. मी म्हणाले, "बाबा, मी आहे ना." ते म्हणाले, "बाई, तुम्ही बाजूला व्हा. साहेबांना काम करू द्या."

साडेबाराला महिला शिपाई आम्हा दोघांना गाडीकडे घेऊन गेल्या. वडिलांनी सीटखाली पाहिले, डिकी उघडायला लावली. महिला शिपाई म्हणाल्या, "आजोबा, गाडी तर मिळाली." वडील म्हणाले, "गाडी घाला चुलीत. पोरगी कुठंय?"

तेव्हा मी मागचे दार उघडून आत बसले. तसे मला कोणी सांगितले नव्हते. वडील त्यांच्या सीटवर बसले. मागे वळून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "झोपली होतीस?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "कोणी ओरडलं का तुला?" मी नाही म्हणाले.

गाडी चोरीस गेलेली नाही. मुलीचा शोध थांबवावा. "मुलगी मिळाली" अशी नोंद घेतली आहे, तीस माझी हरकत नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. माझा उजवा हात वडिलांनी धरून ठेवला असल्याने सही डाव्या हाताने केली आहे.